‘टेल मी अबाउट इट’ म्हणाले, तर सांगत बसू नका

समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात इंग्लंडहून पाहुणा आलाय. त्याला हॉटेलवरून घेऊन निघालेली गाडी द्वारका चौकात अडकते. सोबत बसलेला आपला इंजिनिअर जरा ओशाळून म्हणतो, ‘ट्रॅफिक हिअर इज टेरिबल.’ पाहुणा उसासा टाकतो, ‘टेल मी अबाउट इट.’ झालं. आपला गडी सांगायला लागतो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथंच कसे येऊन मिळतात, वरून उड्डाणपूल गेला तरी खालची गर्दी का हटत नाही, संध्याकाळी काय हाल होतात. पाहुणा मान डोलावत ऐकून घेतो. बिचाऱ्याला यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. ‘मला काय सांगता! आमच्याकडंही हेच रडगाणं आहे,’ एवढंच त्याला म्हणायचं होतं.

यातला एकही शब्द अवघड नाही. पाचवीतल्या पोराला येतील असे शब्द आहेत. आणि गाडी नेमकी तिथंच रुतते.

इंग्रजी वाक्प्रचार म्हटलं की आपल्याला शाळेतली यादी आठवते. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ मराठी माध्यमातल्या मुलांनाही पाठ असतं. आज लंडनमध्ये धो धो पाऊस लागला, तर तिथला माणूस बहुधा नुसतं ‘इट्स पोअरिंग’ म्हणेल, तो भाग वेगळा. माझं स्पष्ट मत असं, की असल्या विचित्र वाक्प्रचारांना घाबरायचं काही कारण नाही. आकाशातून मांजरं पडत नाहीत हे कुणालाही कळतं. ऐकणारा थबकतो, शेजाऱ्याला विचारतो, मोबाईलवर शोधतो. घात करतात ते साधेसुधे दिसणारे, ज्यांचा सरळ अर्थही त्या जागी चपखल बसतो. अर्थ लागल्यासारखा वाटतो, त्यामुळं शंकाच येत नाही.

‘यू कॅन से दॅट अगेन’ असं कुणी म्हणालं, तर वाक्य पुन्हा म्हणायचं नसतं. ‘अगदी बरोबर बोललात’ अशी ती दाद असते. चहा विचारल्यावर समोरचा ‘आय ॲम गुड’ म्हणाला, तर त्याला चहा नको आहे. आपण समजतो, स्वारी खुशीत आहे, आणि कप पुढं करतो. ब्रिटिश माणूस ‘आय हिअर व्हॉट यू से’ म्हणाला, की पुष्कळदा ‘ऐकलं, पण पटलं नाही’ असं समजावं. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’नंतर काय येतं, हे मराठी माणसाला शिकवायला नको, ‘तुमचा मान राखून सांगतो’ म्हणणारा पुढच्या वाक्यात मान राखणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतंच. ‘आय विल बेअर इट इन माइंड’ हा तर आपल्या ‘बघू या’चा सख्खा भाऊ. नुसत्या ‘बघू या’वर विसंबून कुणी लग्नाचा हॉल बुक करत नाही, तशी या वाक्यावर विसंबून मालाची तयारी करू नये. आणि ‘क्वाइट गुड’? अमेरिकन म्हणाला तर काम छान झालंय. ब्रिटिश म्हणाला तर ‘बरं आहे’, म्हणजे अजून हात फिरवावा लागेल.

मग ओळखायचं कसं? ‘टेल मी अबाउट इट’ हे खरोखरच ‘सांग ना’ या अर्थानंही येतं. अशा वेळी एकच गोष्ट तपासावी: ज्याची माहिती तो मागतोय, ती त्याला आधीच आहे का? गर्दीत तो स्वतः तुमच्यासोबत अडकलेला आहे, त्यानं गर्दीची हकीकत कशाला मागावी? शब्दकोशाआधी समोरच्या माणसाची परिस्थिती बघितली, तर निम्मे वाक्प्रचार तिथंच सुटतात. उरलेलं काम सूर करतो. खरं विचारणारा तुमच्याकडं बघून उत्तराची वाट पाहतो. सहमती दाखवणारा बहुधा खिडकीबाहेर बघत असतो.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे क्रियापदाला चिकटणारे छोटे शब्द. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढं ढकलणं, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, ‘टर्न डाउन’ म्हणजे नकार देणं. आपल्याला हा इंग्रजीचा अत्याचार वाटतो. पण मराठीत काय कमी आहे? ‘खाऊन टाक’मध्ये कुणी काही टाकत नाही आणि ‘बोलून बसलो’ म्हणणारा उभाही असू शकतो. ‘देऊन टाक’ आणि ‘टाकून दे’ यांतला फरक परक्या माणसाला समजावून बघा, घाम फुटेल. इंग्रजीत अशीच एक जोडी कारखान्यात फार महत्त्वाची आहे. ‘लुक ओव्हर द ड्रॉइंग’ म्हणजे ड्रॉइंग नजरेखालून घाला. तेच शब्द उलटे जोडून ‘ओव्हरलुक’ केलं, तर नजरेतून सुटणं किंवा मुद्दाम दुर्लक्ष करणं. घाईत मेल लिहिताना इथं अदलाबदल झाली, की तपासा म्हणायचं असतं आणि लिहिलं जातं दुर्लक्ष करा.

बोलणारा एवढ्या सहजपणे हे वापरतो, त्यामागं मेंदूचं काम आहे. पूर्वी असा समज होता, की माणूस आधी शब्दांचा सरळ अर्थ लावतो आणि तो जमला नाही तरच लाक्षणिक अर्थाकडं वळतो. १९७९ साली डेव्हिड स्विनी आणि ॲन कटलर या संशोधकांनी प्रयोग करून पाहिले. ओळखीचे वाक्प्रचार लोकांना साध्या शब्दसमूहांपेक्षा लवकर ओळखता येत होते. म्हणजे अख्खा वाक्प्रचार डोक्यात एका लांब शब्दासारखा साठवलेला असतो. ‘आमची वाट लागली’ म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढं कधी रस्ता येतो का? तसंच त्यांचं. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे, त्याला आपण काही वेगळं बोललो याची जाणीवच नसते. त्यामुळं तो तिथं वेग कमी करत नाही, की तुम्हाला कळलं का म्हणून विचारतही नाही.

काही वाक्प्रचार मात्र शब्दांत सापडतच नाहीत. ते ज्या गावात, ज्या खेळात जन्मले, ते ठाऊक असावं लागतं. पावसाळ्यात एक नाशिककर दुसऱ्याला फोनवर सांगतो, ‘दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय.’ गोदावरीच्या पात्रातल्या या मूर्तीवरून पूर किती चढला ते नाशिककर ओळखतात, त्यामुळं एवढ्यावर ऐकणाऱ्याला सगळं कळतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, रामकुंडाकडं जाण्यात अर्थ नाही, गंगेवरच्या (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) टपऱ्या हलवायची वेळ आली. तेच वाक्य नागपूरच्या माणसाला ऐकवा. त्याच्या हाती एक मूर्ती आणि थोडं पाणी, यापलीकडं काही लागणार नाही.

‘बॉलपार्क फिगर’चं असंच आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानाला बॉलपार्क म्हणतात. ‘जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर’ म्हणजे नेमका नको, अंदाजे आकडा सांगा. पण त्या मैदानाच्या कुंपणाबाहेर जाईल इतकाही भलता नको. सातपूरचा आपला माणूस इथं दोन प्रकारे फसतो. एक तर ‘उद्या कळवतो’ म्हणून रात्रभर पैन् पैचं कोटेशन बनवत बसतो, आणि विचारणाऱ्याला आकडा त्याच क्षणी हवा असतो. नाही तर तोंडाला येईल तो आकडा ठोकून देतो आणि नंतर तो दुप्पट झाला, की समोरचा बिथरतो. बेसबॉलनं असे पुष्कळ दिलेत. ‘लेट्स टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ. ‘थ्रू मी अ कर्व्हबॉल’ म्हणजे अनपेक्षित अडचण पुढ्यात टाकली. ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’ म्हणजे कुठूनतरी भलतीकडून आलेली गोष्ट.

ब्रिटिशांकडचे आपल्याला निम्मे फुकटात मिळतात, कारण तिकडं क्रिकेट आहे. खेळपट्टी झाकत नसत त्या काळी पावसानंतर वाळत आलेल्या पिचवर फलंदाजाची भंबेरी उडायची, त्यावरून ‘स्टिकी विकेट’ म्हणजे बिकट परिस्थिती. ‘ऑफ हिज ओन बॅट’ म्हणजे कुणी न सांगता, स्वतःहून. ‘ही हॅड अ गुड इनिंग्ज’ हे सेंच्युरीबद्दल नसून पुष्कळदा म्हाताऱ्या माणसाच्या निधनानंतर म्हणतात, एवढं मात्र लक्षात असू द्यावं. तिथं टाळी द्यायला हात पुढं करू नये. हेच क्रिकेटचे वाक्प्रचार अमेरिकन माणसापुढं फेकले, तर तो नागपूरकरासारखा बघत राहील.

इतिहासातून आलेले त्यामानानं सोपे जातात. नेपोलियन १८१५ मध्ये वॉटर्लूला हरला, म्हणून ‘ही मेट हिज वॉटर्लू’. ज्याच्या भाषेत १७६१ पासून माणसांचं ‘पानिपत’ होत आलंय, त्याला हे समजावत बसावं लागत नाही.

सगळ्यात जास्त गंमत येते ती मराठीसारख्या दिसणाऱ्या वाक्प्रचारांत. साहेब हसत म्हणाला, ‘आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग.’ आपल्याकडं पाय ओढणं म्हणजे पुढं निघालेल्याला मागं खेचणं, तेही मत्सरानं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. साहेब मात्र फक्त थट्टा केली, असं सांगत असतो. हातांचंही तेच. ‘आय वॉश माय हँड्स ऑफ इट’ हे बायबलमधल्या पिलातावरून आलं. येशूच्या मृत्यूची जबाबदारी माझ्यावर नाही, हे दाखवायला त्यानं लोकांसमोर हात धुतले. म्हणजे आपलं हात झटकणं किंवा काखा वर करणं. मराठीत हात धुतले, की अर्थ पार उलट्या दिशेला जातो: कुणी हात धुऊन मागं लागतो, कुणी वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो. दोन्हींत सुटका नाही, उलट गुंतणं आहे.

कधी अर्थ जुळतो, पण भाव जुळत नाही. ‘थिक-स्किन्ड’ म्हणजे जाड कातडीचा. आपल्याकडं गेंड्याची कातडी ही शिवीच, बहुधा पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलेली. इंग्रजीत ‘यू नीड अ थिक स्किन इन धिस जॉब’ हा वडिलकीचा सल्ला असू शकतो: टीका मनाला लावून घेऊ नकोस.

नाकाच्या बाबतीत नाशिककरांनी तरी मागं राहू नये. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक पंचवटीत कापलं आणि गावाला नाव मिळालं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक, असंही सांगणारे आहेत. इंग्रजीत कुणी ‘टर्न्ड अप हिज नोज’ म्हणालं, तर डोळे झाकून नाक मुरडलं असं समजावं. ‘पोकिंग हिज नोज’ म्हणजे नाक खुपसणं, तंतोतंत. इथवर सगळं जुळल्यावर माणूस गाफील होतो. मग ‘यू हिट इट राइट ऑन द नोज’ कानावर पडतं आणि त्याला नाकावर बुक्की मारल्याचा भास होतो. खरं तर ते कौतुक आहे: अगदी अचूक बोललात. आणि ‘पेड थ्रू द नोज’ म्हणजे अव्वाच्या सव्वा पैसे मोजले.

जिथं जुळतं तिथं ते का जुळतं, याचं एक उत्तर भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये मांडलं. रागासारख्या न दिसणाऱ्या गोष्टी माणूस शरीराच्या अनुभवातून समजून घेतो. राग आला की अंग तापतं, म्हणून मराठीत डोकं तापतं, पारा चढतो. इंग्रजीत रक्त उकळतं. शरीर सगळ्यांचं सारखंच, त्यामुळं दोन भाषांची एकमेकींशी ओळख नसली तरी त्या एकाच ठिकाणी पोचतात. शरीर सोडून खेळ, शेती, धर्म आले, की वाटा फुटतात.

शेतीवरून आठवलं. आपल्या जिल्ह्याची द्राक्षं आणि कांदा, दोन्ही इंग्रजी वाक्प्रचारांत ठाण मांडून आहेत. ‘सावर ग्रेप्स’ ही इसापाचीच गोष्ट, आपली कोल्ह्याला द्राक्षं आंबट. तरीही लंडनचा खरेदीदार फोनवर एखाद्या प्रतिस्पर्ध्याबद्दल ‘दॅट्स जस्ट सावर ग्रेप्स’ म्हणाला आणि निफाडचा बागायतदार घाईघाईनं मालाची साखर किती भरली ते सांगू लागला, तर त्याला हसू नये. त्याच्या धंद्यात हे शब्द रोज खरेखुरे असतात. ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ म्हणजे कर्णोपकर्णी कळलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तारायंत्र आलं, तेव्हा तोंडोतोंडी पसरणाऱ्या बातमीला लोक गमतीनं द्राक्षवेलीचं तारायंत्र म्हणू लागले. पुढं नुसती वेल उरली. ‘ही नोज हिज ओनियन्स’ म्हणजे आपल्या विषयातला पक्का माणूस. हा १९२० च्या दशकातला अमेरिकन वाक्प्रचार आता जुनाट वाटतो, पण लासलगावच्या व्यापाऱ्याला तो दोन्ही अर्थांनी शोभेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. वाक्प्रचार बोलण्यात कुठंही येत नाही, त्याची ठरलेली जागा असते. पॉल ड्र्यू आणि एलिझाबेथ होल्ट या अभ्यासकांनी खऱ्याखुऱ्या इंग्रजी संभाषणांची ध्वनिमुद्रणं बारकाईनं तपासली. १९९८ च्या त्यांच्या लेखात एक गोष्ट ठळकपणे दिसते: एखादा विषय गुंडाळताना लोक वाक्प्रचाराचा आधार घेतात. तपशील सांगून झाले, आता एकानं म्हण किंवा वाक्प्रचार टाकला, दुसऱ्यानं होकार भरला, आणि दोघं पुढच्या विषयाकडं वळले.

हे वाचल्यावर आपला कट्टा आठवून बघा. रस्त्यातले खड्डे, महापालिका, ठेकेदार, सगळ्यांची उजळणी होते. मग एक जण म्हणतो, ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ बाकीचे ‘हां ना’ म्हणतात आणि कुणीतरी चहा सांगतो. किंवा रखडलेलं काम झाल्यावर आजी म्हणते, ‘चला, गंगेत घोडं न्हालं एकदाचं.’ नाशिकला गंगा हाकेवर, त्यामुळं घोडं खरंच दिसू शकतं, पण विषय संपला हे घरात सगळ्यांना कळतं. इंग्रजीत ‘इट इज व्हॉट इट इज’, ‘वी विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वी कम टू इट’, ‘ॲट द एंड ऑफ द डे’ ही अशीच दार लोटून घेणारी वाक्यं आहेत. त्यांचा शब्दशः अर्थ कळला नाही तरी फार बिघडत नाही. विषय मिटवला जातोय, एवढं कळायला हवं. आपली माणसं नेमकं त्यानंतरच ‘बट सर, वन मोर थिंग’ करून तोच विषय पुन्हा उकरतात आणि समोरचा का वैतागला ते त्यांना उमगत नाही. तक्रार खरंच बाकी असेल तर ती जरूर मांडावी, पण बंद केलेला विषय आपण पुन्हा उघडतोय, याची जाणीव ठेवून.

इंग्रजी मातृभाषा असणारेही एकमेकांत अडकतात, हे कळलं की जरा हुरूप येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या बैठकीत एक कागद ‘टेबल’ करण्यावरून लांबलचक वाद झाला. ब्रिटिश अर्थ: आत्ताच चर्चेला घ्या. अमेरिकन अर्थ: बाजूला ठेवा, नंतर बघू. दोघांनाही तो विषय लगेच हवा होता आणि दोघंही त्यासाठी भांडत होते. चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या आठवणींत हा किस्सा नोंदवला आहे.

त्या क्षणी करायचं काय, यावर माझं उत्तर छोटं आहे. ‘व्हॉट डू यू मीन?’ विचारण्यापेक्षा आपल्याला लागलेला अर्थ साध्या शब्दांत परत म्हणून दाखवा: ‘सो यू वाँट अ रफ नंबर नाऊ, राइट?’ बरोबर असेल तर काम पुढं सरकतं, चूक असेल तर समोरचा दुरुस्त करतो, आणि अडाणी ठरायची भीतीही उरत नाही. नुसती मान हलवणं हा सगळ्यात महागडा उपाय.

शिवाय समोर कोण आहे तेही बघावं. नाशिकची द्राक्षं मोठ्या प्रमाणावर नेदरलँड्सला जातात. तिथला खरेदीदार इंग्रजी फाडफाड बोलतो, पण त्याचीही मातृभाषा इंग्रजी नाही, डच आहे. व्हिएन्ना विद्यापीठाच्या बार्बरा सायडलहोफर यांनी अशा संभाषणांचा अभ्यास केला आहे. एकानं वापरला आणि दुसऱ्याला माहीतच नाही, अशा एकतर्फी वाक्प्रचारानं बोलणं अडतं, असं त्या सांगतात. निफाड आणि रॉटरडॅम यांच्यामधल्या फोनवर साधं इंग्रजी छान चालतं. तिथं तुम्ही हौसेनं पाठ केलेला वाक्प्रचार घुसवलात, तर गोंधळलेली व्यक्ती या वेळी तुम्ही नसाल, एवढाच फरक.

स्वतः वापरायचा मोह होतोच. क्लासमधली पोरं तर नवा वाक्प्रचार त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर खपवतात. वाक्प्रचार मोडायला कडक असतो, शब्द इकडचे तिकडे केलेले त्याला चालत नाहीत. आणि त्याची पायरीही ठरलेली असते. ‘किक्ड द बकेट’चा अर्थ मेला हे बरोबर, पण सांत्वनाच्या मेलमध्ये ते लिहिणं म्हणजे कुणाच्या वडिलांबद्दल ‘गचकले’ म्हणण्यासारखं. तिथं ‘पास्ड अवे’ लिहावं. मात्र ‘मी २०१९ ला कॉलेजमधून पास्ड आउट झालो’ हे आपलं खास भारतीय इंग्रजी परदेशात पाठवू नये. कॉलेजात शुद्ध हरपली असं वाचतील, ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं. आणि ‘पास्ड ऑन’ला तर दोन्ही घरं मोकळी आहेत, माणूस वारला असंही आणि निरोप पुढं कळवला असंही. साहेब कुठं आहेत असं कुणी विचारलं आणि त्यांनी निरोप वरच्यांकडं पोचवलेला असेल, तर वाक्यात ‘मेसेज’ हा शब्द तेवढा विसरू नका.